ब्रेनगन कॅरिअर घरच्या शेडमध्ये उभी करताना: कामाचा क्रम, मापं आणि बिघाडांची कारणं

युनिव्हर्सल कॅरिअर, म्हणजे आपल्याकडच्या बोलण्यात ब्रेनगन कॅरिअर, ही दुसऱ्या महायुद्धातली वरून उघडी, लोखंडी पट्ट्यांवर चालणारी हलकी गाडी. वजन पावणेचार ते चार टन, चिलखती पत्रा ७ ते १० मिलिमीटर, पाठीमागे मधोमध फोर्डचं साइड-व्हॉल्व्ह व्ही-८ पेट्रोल इंजिन. १९३४ ते १९६० या काळात या कुळातल्या एक लाखाहून जास्त गाड्या बनल्या. पट्ट्यांची कुठली गाडी घरी दुरुस्त करता येईल, तर ती हीच. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल हे सगळं फोर्डच्या ट्रकच्या घराण्यातलं आहे आणि एकेक भाग चेनब्लॉकने उचलता येतो. नाशिककरांना आणखी एक सोय आहे: सातपूर आणि अंबड एमआयडीसीत हीट ट्रीटमेंट, रबर लायनिंग, लेझर कटिंग, क्रॅक तपासणी ही सगळी कामं जॉबवर्कने होतात.

तरी यातल्या बऱ्याच गाड्या अर्धवट खोलून पडून राहतात, आणि त्याचं कारण बहुधा कामाचा उलटा क्रम. गाडी शेडमध्ये आली की सगळ्यांना आधी इंजिनाचा आवाज ऐकायचा असतो. आवाज येतो, गाडी दहा फूट पुढे जाते, आणि मग कळतं की ती वळतही नाही आणि थांबतही नाही. या गाडीत वळणं आणि थांबणं बरंचसं एकाच यंत्रणेवर अवलंबून आहे. स्टीअरिंग थोडं फिरवलं की आडवी नळी दोन्ही बाजूंच्या पुढच्या बोगी (दोन चाकांच्या जोड्या) एका बाजूला सरकवते, पट्टा किंचित वाकतो आणि गाडी हळूच वळते. चाक आणखी फिरवलं की त्या बाजूचा ब्रेक लागतो आणि गाडी जागच्या जागी घसरत वळते. त्यामुळे ब्रेक खराब म्हणजे स्टीअरिंगही खराब. म्हणून क्रम असा धरावा: आधी ब्रेक आणि स्टीअरिंग, मग बोगी आणि चाकं, मग पाणी-थंडावा, मग इंजिन, मग ट्रॅक (म्हणजे लोखंडी पट्टा), आणि रंग सगळ्यात शेवटी.

कागद आणि जागा

लिलावाची पावती, डिलिव्हरी ऑर्डर, आधीच्या मालकाचं विक्रीपत्र हे सगळं मूळ प्रतींत घ्या. इंजिन नंबर आणि हलवरचा, म्हणजे गाडीच्या पत्र्याच्या सांगाड्यावरचा, नंबर कागदाशी ताडून पाहा. २०२१ साली आलेले व्हिंटेज वाहनांचे नियम पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि चारचाकींसाठी आहेत. पट्ट्यांची गाडी त्यांत बसत नाही. लोखंडी ट्रॅक डांबर उखडतो, तेव्हा ती रस्त्यावर काढण्याचा विचारच सोडून द्या. शेतातलं मुरमाड माळरान किंवा स्वतःचं आवार, एवढीच तिची जागा.

आणायला आडगावच्या ट्रक टर्मिनलवरून लो-बेड किंवा पाच टनांवरचा फ्लॅटबेड ठरवा. लोखंडी पट्टा लोखंडी फळीवर साबणासारखा सरकतो, म्हणून खाली जुना कन्व्हेअर बेल्ट किंवा लाकडी फळ्या टाका आणि चारही कोपरे साखळीने आवळा. गाडी मुंबईकडून कसारा घाट चढून येणार असेल, तर घाटाच्या अलीकडे एकदा थांबून साखळ्या पुन्हा ताणून घ्या.

शेडला किमान वीस बाय तीस फूट जागा हवी. ट्रॅक जमिनीवर लांब पसरायला ती लागतेच. काँक्रीट सहा इंची असावं. गाडी जॅकवर उचलली की लगेच खाली सागाच्या किंवा बाभळीच्या ठोकळ्यांचा आडवा-उभा थर रचा, विटा नकोत. दगडी वीट दाबाखाली सूचना न देता फुटते. इंजिन साधारण २६० किलोचं आहे. त्याला एक टनी चेनब्लॉक आणि लोखंडी तिपाई लागते. पत्र्याच्या शेडच्या कैचीला ते टांगायचं नाही, ती कैची पावसाचा आणि वाऱ्याचा भार धरून बांधलेली असते.

हात लावण्याआधी चार धोके

पहिला धोका दारूगोळ्याचा. हलच्या फटींत, खालच्या पत्र्याच्या चिखलात काडतूस सापडू शकतं. सापडलं तर हात न लावता पोलिसांना कळवा. बंदुकीचा सुटा भाग निघाला, तरी तो शस्त्र कायद्याखाली येतो, तोही पोलिस ठाण्यात द्यायचा.

दुसरा अ‍ॅस्बेस्टॉसचा. जुनी ब्रेक लायनिंग, क्लच प्लेट, सायलेन्सरवरची पट्टी आणि काही पॅकिंग यांत ते असतंच असं धरून चाला. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, पाण्याने भिजवून पुसा, फडकी पिशवीत बांधून टाका.

तिसरा रेडियमचा. अंधारात चमकणाऱ्या जुन्या मीटरच्या काट्यांवर आणि आकड्यांवर तो रंग असतो. रंगाची चमक गेली, तरी किरणोत्सर्ग तसाच असतो. काच उघडू नका, रंग खरवडू नका, मीटर जाड पिशवीत बंद करून बाजूला ठेवा. नव्या डायलची नक्कल लावलेली बरी.

चौथा शिशाचा. जुन्या रंगात शिसं असतं. ग्राइंडर लावताना साधा कापडी मास्क चालत नाही, पार्टिकल फिल्टरचा रबरी मास्क लागतो. ब्लास्टिंगला नदीची वाळू वापरू नका. तिच्या धुळीने सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. कॉपर स्लॅग किंवा स्टील ग्रिट मागा.

खोलण्याची शिस्त आणि चुड्यांचा घोळ

एकेक जोड खोलण्याआधी मोबाइलवर तीन कोनांतून फोटो घ्या आणि फोटोत शेजारी टेप ठेवा. भाग पिशवीत, पिशवीवर पत्र्याची चकती, चकतीवर ठोकलेला क्रमांक. मार्कर पेनचं लिखाण डिझेलने पुसलं जातं.

या गाडीत दोन देशांच्या चुड्या, म्हणजे बोल्टचे आटे, एकत्र आहेत. हल आणि सस्पेन्शनवर ब्रिटिश बीएसएफ किंवा व्हिटवर्थ, इंजिन-गिअरबॉक्सवर अमेरिकन फाइन आणि कोर्स. तीन अष्टमांश इंचाचा बोल्ट घेतला तर बीएसएफमध्ये इंचाला २० चुड्या, अमेरिकन फाइनमध्ये २४, व्हिटवर्थ आणि अमेरिकन कोर्स दोन्हींत १६. पण व्हिटवर्थचा कोन ५५ अंश आणि अमेरिकनचा ६०. त्यामुळे हाताने दोन फेरे बसलेला नट बरोबर आहे असं समजू नका. दुकानदार मिळतंजुळतं म्हणून दहा मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट देतो. भोक ९.५ मिलिमीटरचं, चुडी दीड मिलिमीटरची. पान्याने जोर लावला की कास्टिंगमधली चुडी कायमची जाते. थ्रेड गेज आणि व्हिटवर्थ पान्यांचा एक संच सुरुवातीलाच घ्या.

गंज काढायला दोन स्वस्त मार्ग आहेत. साध्या लोखंडी भागांसाठी एक भाग काकवी आणि नऊ भाग पाणी, दोन ते तीन आठवडे बुडवून ठेवणं. वास येतो, माश्या येतात, पण गंज जातो आणि लोखंड शाबूत राहतं. अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताचे भाग मात्र त्यात खराब होतात. दुसरा मार्ग विजेचा: धुण्याचा सोडा चार लिटर पाण्याला मोठा चमचाभर, बारा व्होल्टचा चार्जर, ऋण टोक भागाला आणि धन टोक साध्या लोखंडी पट्टीला. स्टेनलेसची पट्टी वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर. कडक केलेल्या स्प्रिंगा आणि पिना दोन्ही मार्गांपासून लांब ठेवा, हायड्रोजन शोषून त्या ठिसूळ होतात.

ब्रेक आणि सरकती नळी

मागच्या अ‍ॅक्सलचे ड्रम काढून आधी ऑइल सील पाहा. जुन्या गाडीत सीलमधून गिअर ऑइल झिरपून लायनिंगवर येतं. एका बाजूची लायनिंग तेलकट झाली की गाडी एकाच बाजूला वळते आणि ब्रेक दाबल्यावर फिरते. तेल प्यायलेली लायनिंग पेट्रोलने धुऊन उपयोग नाही, गरम झाली की तेल पुन्हा वर येतं. नवी लायनिंग अ‍ॅस्बेस्टॉसविरहित घ्या, दोन्ही बाजूंना एकाच थानातली. रिव्हेटची डोकी पृष्ठभागाच्या निदान दीड मिलिमीटर खाली बसवा. ड्रम लेथवर घासायचा असेल, तर दोन्ही सारख्याच मापाला आणा. ब्रेकच्या यांत्रिक जोडणीत प्रत्येक क्लेव्हिस पिन (सांध्यातली आडवी पिन) हाताने हलवून पाहा. पाच-सहा सांध्यांत थोडा थोडा ढिलेपणा असला की पेडल तळाला जातं आणि माणूस उगाच लायनिंगला दोष देतो.

आता ती आडवी नळी. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत चिखल आणि वाळलेलं ग्रीस मिळून ती आपल्या घरात गच्च बसते. अशी गाडी फक्त ब्रेकवर वळते, लायनिंग काही दिवसांत संपते, आणि प्रत्येक वळणाला झटका बसून ट्रॅक निसटतो. हल उचलून बोगींवरचा भार काढा, स्टीअरिंग थोडंसं फिरवा. दोन्ही बोगी एकाच वेळी, एकाच बाजूला, सारख्या सरकल्या पाहिजेत. सरकत नसतील तर डिझेल आणि ट्रान्समिशन ऑइलचं मिश्रण रोज सोडत राहा, गॅसच्या ज्योतीने घर कोमट करा आणि लाकडी ठोकळा मध्ये धरून दोन्ही बाजूंनी आळीपाळीने ठोका. थेट नळीवर घण मारला तर टोक फुगतं आणि मग ती घरातून निघतच नाही. बाहेर आल्यावर मायक्रोमीटरने तीन जागी मापा. बसण्याच्या जागी खड्डे असतील, तर हार्ड क्रोम करून ग्राइंड करून घ्या. मापात बसणारी नळी हाताने, ग्रीस लावून, अडखळल्याशिवाय सरकते.

सगळं जोडल्यावर ट्रॅक नसताना चाचणी घ्या. हल ठोकळ्यांवर, गिअर न्यूट्रलमध्ये. एकाने एक स्प्रॉकेट (पट्टा ओढणारं दातेरी चाक) हाताने फिरवावं, दुसऱ्याने स्टीअरिंग. आधी बोगी सरकल्या पाहिजेत, नंतरच ब्रेक धरला पाहिजे, आणि डावी-उजवीकडे चाकाचा सारखाच फेरा झाल्यावर धरला पाहिजे. हा क्रम बिघडलेला असेल तर पुढचं कोणतंही काम सुरू करू नका.

बोगी, चाकं आणि बेअरिंग

हॉर्स्टमन पद्धतीचं सस्पेन्शन आहे: प्रत्येक बाजूला पुढे दोन चाकांची बोगी, मागे एकटं चाक, आणि कॉइल स्प्रिंगा. स्प्रिंग खोलताना ती दाबलेली असते, हे विसरून बोल्ट काढला की ती माणसाचा जीव घेऊ शकते. जाड चुडीचा रॉड आणि दोन मोठे वॉशर घेऊन स्प्रिंग आधी बांधून घ्या, मगच बोल्ट सैल करा. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांची मोकळी लांबी मोजून जोड्या लावा, नाहीतर गाडी एका बाजूला कलते.

चाकांवरचं रबर कडांना सुटलेलं असतं. नखाएवढी फट दिसली तरी आतला बाँड गेलेला आहे असं धरा. एमआयडीसीत रोलरना रबर चढवणाऱ्यांकडे हे काम होतं. ७० ते ८० शोअर ए कडकपणाचं रबर सांगा. पॉलियुरेथेन स्वस्त आणि लवकर मिळतं, पण वेगात आतून तापतं आणि मे महिन्यात रिमवरून सोलून निघण्याची शक्यता जास्त. आमचं मत रबराच्याच बाजूने आहे. चढवण्याआधी रिम ब्लास्ट झाली का आणि बाँडिंग एजंटचे दोन हात लागले का, हे उभं राहून पाहा. सगळं त्यावरच ठरतं.

बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवरचा नंबर वाचा. टेपर रोलर बेअरिंगं इंची मापाची आहेत, त्यांतली बरीच आजही मिळतात. ग्रीस लिथियम ईपी-२, पण जुनं पुसून काढल्याशिवाय नवं भरू नका. दोन जातींची ग्रीसं एकत्र आली तर पातळ होऊन सीलबाहेर वाहतात.

हलचा पत्रा

चिलखती पत्रा फारसा सडत नाही. सडतो तो तळाचा साधा पत्रा, कारण पावसाचं पाणी आणि चिखल तिथेच साचतो. न सडलेल्या कोपऱ्यात जाडी मोजून त्याच मापाचा माइल्ड स्टील पत्रा कापून घ्या. निचऱ्याची भोकं मूळ जागीच ठेवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत तळ पुन्हा जाईल.

चिलखताला वेल्डिंग करायची वेळ आली तर साधा सहा-तेरा (६०१३) वेल्डिंग रॉड नको. वेल्डच्या कडेला कडक पट्टा बनतो आणि एका रात्रीत तडा जातो. ३०९ स्टेनलेस रॉड वापरा, किंवा ७०१८ रॉड ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजून घ्या आणि पत्रा १०० ते १५० अंश गरम करून मग शिलाई करा. पावसाळ्यात उघडं राहिलेलं ७०१८चं पाकीट या कामाला घेऊ नका. गोळ्यांचे घाव, जुने ठोसे पुट्टीने भरू नका. तो त्या गाडीचा इतिहास आहे.

पाणी आणि थंडावा

फोर्डच्या या व्ही-८मध्ये जळालेला वायू ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या जाकिटामधून बाहेर पडतो. म्हणजे धुराड्याची उष्णता पाण्याला मिळते. त्यात इंजिन बंद पेटीत आणि वरून नाशिकचा मे. हे इंजिन तापण्यासाठी बदनाम आहे, आणि तापण्याची मुख्य कारणं दोनच: जाकिटात साचलेला गंज-वाळूचा गाळ आणि अर्धा बुजलेला रेडिएटर.

हेड काढल्यावर पाण्याच्या प्रत्येक भोकातून वाकवलेली तार आणि जुन्या स्पीडोमीटरची केबल ड्रिलला लावून फिरवा. कास्टिंगच्या वेळची वाळू आणि तारेचे तुकडेही निघतात. मग पाणी उलट दिशेने सोडा, गढूळपणा जाईपर्यंत. दोन्ही बँकांना, म्हणजे सिलिंडरच्या दोन्ही रांगांना, वेगळे पाणीपंप आहेत, दोन्हींच्या पंख्यांची पाती गंजून अर्धी झालेली नाहीत ना ते पाहा. रेडिएटर बाटलीने भरून पाहू नका. वरच्या तोंडातून बादलीभर पाणी एकदम ओता. ओतलं त्याच वेगाने खालून पडलं पाहिजे. वर साचलं तर नवीन कोअर घाला, अ‍ॅसिडने धुऊन फार काळ टिकत नाही.

बोअरचं जड पाणी घालू नका. डिस्टिल्ड पाणी आणि ग्लायकॉल निम्मं निम्मं. नाशिकला पाणी गोठत नाही, पण ग्लायकॉलसोबत गंजरोधक येतो आणि उकळबिंदू वाढतो. थर्मोस्टॅट १६० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ७१ अंश सेल्सिअसचे, दोन्ही बँकांना. ते काढून टाकले की गाडी थंड राहते हा गैरसमज आहे. पाणी रेडिएटरकडे इतक्या वेगाने येतं की वर तुंबून ओव्हरफ्लोमधून बाहेर फेकलं जातं.

इंजिन

२२१ घनइंच, म्हणजे ३.६ लिटर. बोअर ३ पूर्णांक १/१६ इंच, स्ट्रोक ३ पूर्णांक ३/४. बऱ्याच कॅरिअरमध्ये हेच, ८५ अश्वशक्तीचं.

जाम इंजिन खेचून सोडवायचं नाही. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये ट्रान्समिशन ऑइल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं, सुमारे ५० मिलिलिटर. आठवडाभर थांबा, पुन्हा घाला. मग क्रँकच्या नटाला लांब टॉमी (दांडा) लावून एकेक अंश पुढे-मागे करा. पिस्टन सुटला तरी व्हॉल्व्ह अडकलेले असू शकतात. या इंजिनात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, मधल्या दरीत आहेत. इनटेक मॅनिफोल्ड काढून ते हलतात का पाहा. अडकलेल्या व्हॉल्व्हवर जोर केला तर काही इंजिनांतला फायबरचा कॅम-गिअर दात सोडतो.

हेडचे स्टड थेट पाण्यात उतरतात, म्हणून गंजून तुटतात. ज्योतीने स्टडभोवती गरम करा, मेणबत्तीचं मेण लावा, ते चुडीत ओढलं जातं. मग नट आधी थोडा आवळा आणि मगच सोडा. परत बसवताना चुडीला सीलंट लावा, नाहीतर पाणी स्टडवरून वर चढतं. आवळणं मधून बाहेर, तीन टप्प्यांत: २०, ३५ आणि शेवटी ५० पाउंड-फूट, म्हणजे अंदाजे ६८ न्यूटन-मीटर, हे लोखंडी हेडसाठी. एकदा गरम होऊन थंड झाल्यावर पुन्हा.

ब्लॉकला तडा आहे का, हे डाय-पेनिट्रंटने किंवा चुंबकीय तपासणीने करून घ्या, आणि वर ३० पीएसआय पाण्याचा दाब. स्टडच्या भोकापासून पाण्याच्या भोकापर्यंत केसासारखा तडा या इंजिनात सर्रास असतो आणि त्याने फारसं बिघडत नाही. तोच तडा व्हॉल्व्हच्या सीटकडे किंवा सिलिंडरकडे गेला असेल, तर पिनिंग (तड्यावर ओळीने पिना ठोकून तो बुजवणं) किंवा दुसरा ब्लॉक.

व्हॉल्व्हला समायोजनाचा स्क्रू नाही. इनलेटला सुमारे ०.०१२ इंच आणि एक्झॉस्टला ०.०१५ इंच फट स्टेमचं (व्हॉल्व्हच्या दांडीचं) टोक घासून आणायची. सीट घासली की व्हॉल्व्ह खाली बसतो आणि फट कमी होते, म्हणून आधी सीट, मग स्टेम. उलट केलंत तर फट राहत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. फायरिंग क्रम १-५-४-८-६-३-७-२. उजव्या बँकेत एक ते चार, डाव्या बँकेत पाच ते आठ.

डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टच्या टोकाला सरळ बसतो. त्याची जीभ मध्यापासून सरकवलेली आहे, एकाच बाजूने जाते. बसत नसेल तर बोल्टने ओढून आणू नका, अर्धा फेरा फिरवा. पॉइंटची फट ०.०१५ इंच. बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते आधी पाहा. त्या काळच्या सहा व्होल्टच्या फोर्डमध्ये धन टोक बॉडीला असे.

पेट्रोलबद्दल सावध राहावं लागेल. पंपावरच्या इथेनॉल-मिश्रित पेट्रोलने जुने रबरी डायाफ्राम आणि कॉर्कची पॅकिंग फुगतात, आणि टाकीत पाणी शोषलं जाऊन तळाला साचतं. नळ्या एफकेएम (इंधनाला टिकणारं रबर) किंवा एसएई जे३० आर९ दर्जाच्या लावा, डायाफ्राम इथेनॉलला टिकणारा. उन्हात मॅनिफोल्डजवळची पेट्रोलची नळी तापून वाफ धरते आणि गाडी गरम असताना सुरूच होत नाही. नळी एक्झॉस्टपासून दूर वळवा. टाकीजवळ कमी दाबाचा विजेचा पंप लावायचा असेल तर दाब अडीच ते तीन पीएसआयपेक्षा जास्त नको, कार्बोरेटरची सुई उचलली जाऊन पेट्रोल ओसंडतं. जुन्या टाकीला वेल्डिंग लावण्याआधी ती वाफेने धुतलीच पाहिजे. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त भडकते.

पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढून स्टार्टरने फिरवा, ऑइल प्रेशर काट्यावर येईपर्यंत. मग प्लग लावा, बाहेरची छोटी टाकी टांगा, डीसीपीचं (कोरड्या पावडरचं) अग्निशामक हाताशी ठेवा. चालत्या वेगात गरम इंजिनाला ३० पीएसआयच्या आसपास दाब हवा. पंधरा-वीस मिनिटांत बंद करा, थंड झाल्यावर हेड पुन्हा आवळा, ऑइल बदला. पहिल्या ऑइलमध्ये सगळी घाण उतरते.

ट्रॅक

कडीची पिच, म्हणजे एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर, १.७५ इंच, म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. ट्रॅक जमिनीवर सरळ पसरा, लिव्हर ब्लॉकने ताणा, आणि दहा पिचचं माप घ्या. नव्याचं ४४४.५ मिलिमीटर. तुमचं ४५५च्या आसपास आलं, तर दर कडीला एक मिलिमीटर वाढ आहे. एका बाजूला दीडशेहून जास्त कड्या असतात, म्हणजे एकूण दीडशे मिलिमीटरहून जास्त, तीन कड्यांएवढी लांबी. लोक कड्या काढून ढिलाई भरतात. ढिलाई जाते, पिच मात्र वाढलेलीच राहते. मग कडी स्प्रॉकेटच्या दातांच्या दरीत न बसता दातावर चढते, खाडखाड आवाज येतो, आणि वळणावर पट्टा उतरतो.

झीज पिनेची की भोकाची, ते आधी ठरवा. एक पिन बाहेर काढा. टोकाकडचा न झिजलेला भाग मूळ माप देतो, मधला भाग आजचं. फरक पिनेचा असेल तर सगळ्या पिना नव्या करा, ईएन-१९ गज, हार्डन-टेंपर करून ३५ ते ४० रॉकवेल सी. माइल्ड स्टीलच्या पिना पहिल्याच दिवशी धनुष्यासारख्या वाकतात, मग त्या ठोकूनही निघत नाहीत. नव्या पिना घालून दहा पिच पुन्हा मोजा. अजूनही ४५०च्या वर असेल तर भोकं गेली आहेत. भोक मोठं करून जाड पिन घालणं दिसायला सोपं, पण कानाची भिंत पातळ होते आणि कडी उन्हाळ्यात दगडावर फुटते. कड्या मॅलिएबल कास्ट आयर्नच्या आहेत. वेल्डिंग केलं की वेल्डजवळचं लोखंड ठिसूळ पांढरं होतं. फुटलेली कडी टाकून द्या. नव्या आणि जुन्या कड्या एकाच पट्ट्यात मिसळू नका, दोन पिचचा पट्टा स्प्रॉकेटवर कधीच शांत चालत नाही.

स्प्रॉकेटचे दात एका बाजूला आकड्यासारखे वळले असतील तर डावं-उजवं बदलून बघा, न झिजलेली बाजू कामाला येते.

चढवताना गाडी ठोकळ्यांवर, ट्रॅक दोन्ही बाजूंनी सरळ पसरलेला, काढतानाच्या फोटोतल्या दिशेनेच. गाडी उतरवून पट्ट्यावर आणा. मागचं टोक दोरखंडाने स्प्रॉकेटवरून पुढे आणा, आयडलर (पट्ट्याला ताण देणारं पुढचं चाक) पूर्ण मागे घेतलेला असू द्या. टोकं जुळवताना भोकात बोट घालून पाहू नका, टोकदार पंच घाला. तिथे बोट गेलं तर तुटतंच. पिन मारली की आयडलर पुढे ढकलून ताण द्या. वरच्या पट्ट्याला किंचित झोळ दिसला पाहिजे आणि तो दोन्ही बाजूंना सारखा. फार ताणलं तर पिना, बेअरिंग आणि इंजिनची ताकद खाल्ली जाते. फार सैल सोडलं तर पहिल्याच वळणावर निसटतो. पिनांना ग्रीस लावू नका. ग्रीस मुरूम धरून ठेवतं आणि पिन कानस लावल्यासारखी घासली जाते.

पहिली चाल मुरमावर, सरळ, पहिल्या गिअरमध्ये. वळणं हळूवार, सरकत्या नळीच्या टप्प्यातलीच. थांबून रोडव्हील्सच्या हबना हात लावा, हात ठेवता येणार नाही इतका गरम हब म्हणजे बेअरिंग फार आवळलेलं. तासाभराच्या चालीनंतर सगळ्या पिनांची टोकं आणि हबचे नट पाहा. नव्या पिनांचा पट्टा सुरुवातीला बसतो, म्हणून ताण पुन्हा द्यावा लागतो. निफाड, दिंडोरीकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात नेऊ नका. काळी माती स्प्रॉकेट आणि कड्यांमध्ये भरून घट्ट होते, पट्ट्याची लांबी जणू कमी होते, आणि ताणाखाली एक तर पिन तुटते किंवा पट्टा उतरतो.

रंग

झिंक फॉस्फेट प्रायमरचे दोन हात, मग मॅट इनॅमल. जुलै-ऑगस्टमध्ये रंगवू नका, हवेतल्या दमटपणाने मॅट रंगावर पांढुरका पडदा येतो. डिसेंबरात सकाळी पत्र्यावर दव असतं, तेव्हा अकरा ते चार हीच वेळ.

छटा निवडताना एक कायदा लक्षात घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याची सोडून कोणत्याही मोटार वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग लावता येत नाही. ट्रेलरवरून प्रदर्शनाला नेताना उगाच वाद नको. इतिहासालाही धरून असा पर्याय आहे: युद्धाच्या मधल्या वर्षांतला खाकी तपकिरी एससीसी-२, किंवा वाळवंटी लाइट स्टोन.

पावसाळ्यासाठी ठेवताना हलची निचऱ्याची भोकं उघडी ठेवा, पेट्रोलची टाकी काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करा, बॅटरी काढून घरात ठेवा, क्लच पेडल लाकडाच्या तुकड्याने दाबून धरा म्हणजे प्लेट फ्लायव्हीलला चिकटणार नाही. आठवड्याला एकदा प्लग काढून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा आणि गाडी हातभर पुढे-मागे करा. ताडपत्री थेट गाडीवर टाकू नका, खाली बांबूचा मांडव करा, नाहीतर आतला दमटपणा बाहेर पडत नाही.